परसबागेतला आजूर

दिवाळी होऊन आठवडा-दहा दिवस उलटले की आमच्या परसाचा रंग बदलतो. सणाला भाव खाऊन गेलेला झेंडू वाळून तपकिरी होतो. अम्मी त्याची फुलं हाताने चुरून बी कागदाच्या पुडीत बांधून ठेवते. मोगरा थांबतो, त्याला आता उन्हाळ्यापर्यंत विसरायचं असतं. पारिजातकाचा सडा विरळ होत होत एका सकाळी बंद पडतो. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेल्या गुलाबाला तांबूस फूट आलेली असते आणि शेवंतीवर बोराएवढ्या कळ्या दिसू लागतात. सीताफळं संपत येतात, पेरू भरू लागतो. वजूच्या नळाखालचं पाणी आम्ही दगडी पन्हळीतून वाफ्याकडे वळवलेलं आहे. त्या पाण्यावर मेथी आणि कोथिंबीर वर येते. असरच्या वेळी मेंदीच्या कुंपणाची सावली अर्ध्या अंगणापर्यंत पोहोचते आणि मगरिब सहाच्या आत होते.

हा पानगळीचा शेवट आणि थंडीची सुरुवात. या दिवसांना एक जुनं नाव होतं, ते मला २०२३ च्या नोव्हेंबरात याच परसात बसून पुन्हा सापडलं.

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस कमीच झाला होता आणि वातावरण तापलेलं होतं. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. निजामकाळातले कागद उर्दूत आणि मोडीत. त्यामुळे गावोगावचे लोक ट्रंका उघडून जुनी कागदं काढत होते आणि ती वाचून देणारा माणूस शोधत होते. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, दोन्ही लिप्या हाताखालच्या. एका रविवारी दुपारी शेजारच्या गावचे एक आबा आले. पंचाहत्तरीचे, धोतर-टोपीतले, माझ्या अब्बांच्या ओळखीचे. बरोबर नातू होता. त्याला दाखला हवा होता.

"सर, तेवढं बघा बरं," म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार घड्या पडलेला एक कागद काढला. आम्ही पेरूच्या झाडाखाली बाज टाकून बसलो. घड्यांवर कागद फाटत होता, म्हणून नातवाने तो पाटावर धरला आणि मी वाचू लागलो.

जी नोंद त्यांना हवी होती, ती त्यात नव्हती. तो जमिनीच्या नोंदीचा उतारा होता. त्यात जातीचा रकानाच नव्हता. मी दोनदा वाचलं, मग सांगितलं. नातवाने मान खाली घातली. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नसंना का. पण आता आणलाच हाय, तर बाकी काय लिव्हलंय ते तरी वाचा."

मी वाचलं. त्यांच्या आजोबांचं नाव, गावाचं नाव. काही जमीन 'खुश्की', म्हणजे कोरडवाहू. थोडी 'बागात', म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची. एक विहीर, तिच्यावर मोट. आणि खाली तारीख : २५ आजूर १३४६ फसली.

"हा आजूर कोनता म्हैना?" आबांनी विचारलं.

मी जरा हिशेब केला आणि म्हणालो, "आत्ताचाच, आबा. जरासा आधीचा. शेवंतीला कळी धरते ना, तो."

हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाज फसली सनावर चाले. महिन्यांची नावं जुनी इराणी : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबिहिश्त आणि पुढची. वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमाराला, आजूरच्या पहिल्या तारखेला सुरू होई. म्हणजे मराठवाड्यातल्या कचेऱ्यांचं नवं वर्ष ऑक्टोबरच्या उन्हात उघडे आणि दै महिन्यात थंडी पडे. इराणात आजर हा महिना आजही आहे, पण तिथे तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो. फसली आकड्यात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरचं इसवी सन निघतं. १३४६ फसलीचा आजूर म्हणजे १९३६ चा ऑक्टोबर. आबांच्या आजोबांची विहीर त्या दिवशी कुणीतरी लिहून ठेवली होती.

माझ्या शाळेत मुलं दर वर्षी विचारतात, "सर, आपलं तर हिजरी साल असतं ना? मग हे फसली कुणाचं?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर परसात उभं राहूनच नीट देता येतं.

हिजरी वर्ष चंद्राचं आहे. ते सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून आपले महिने सगळ्या ऋतूंतून फिरतात. १९९० साली मी शाळकरी होतो तेव्हा रमजान मार्चच्या अखेरीस सुरू झाला होता. फिरत फिरत तो मार्चच्या अखेरीस पुन्हा आला २०२३ साली. मधल्या ३३ वर्षांत तो पावसात आला, थंडीत आला, मे महिन्याच्या उन्हातही आला. इबादतीसाठी यात मोठी सोय आहे : रोजाचं कष्ट कुठल्या एका मुलखाच्या वाट्याला कायम येत नाही. पण शेवंतीला रज्जब-शाबान कळत नाही. तिला रात्र किती लांबली तेवढं कळतं. रात्री मोठ्या झाल्या की ती कळी धरते. मग चंद्राच्या सालाने बाग कशी करायची?

आणि बाग करता येत नाही, तर सारा कसा गोळा करायचा? राज्याने चांद्र वर्षाने वसुली मागितली तर ती दर वर्षी ११ दिवस आधी येऊ लागते. काही वर्षांनी पीक हिरवं असतानाच माणूस दारात उभा. ही अडचण फक्त हिंदुस्थानातली नव्हती. बगदादच्या अब्बासी खलिफांनाही ती छळत होती. पीक तयार नसताना वसुली होते ही तक्रार जुनी होती, म्हणून खलिफा मुतजिद याने ८९५ साली वसुलीचं वर्ष उघडणारा नवरोज पुढे ढकलून ११ जूनला नेऊन ठेवला. खिलाफतीची गादी असली तरी कापणीपुढे तिला थांबावं लागलं.

दख्खनेत तर हे अनेकदा घडलं. मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमाराला इथे शुहूर सन सुरू झाला असं मानतात. आकडा त्या वेळच्या हिजरी सालाचा घेतला, पण पुढे त्याला सूर्याच्या चालीला जुंपलं. आणि वर्षारंभ कधी? सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. सालाचे आकडे अरबी शब्दांत लिहायचे : सीत म्हणजे सहा, अर्बैन म्हणजे चाळीस, अलफ म्हणजे हजार. १६४५-४६ चं वर्ष 'सीत अर्बैन अलफ', म्हणजे १०४६. आकडा अरबी, वर्षारंभ मृगाचा आणि लिहिणारा बहुधा मोडीत लिहिणारा कुलकर्णी. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या कागदांवर हा सन जागोजागी भेटतो.

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. राज्याला आपली भाषा हवी असणं स्वाभाविकच आहे आणि भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला त्या कोशाबद्दल आदर आहे. पण त्यानंतरही मृगसाल कागदांवरून गेलं नाही. ते कुणाच्या हट्टामुळे टिकलं नाही. शेतकऱ्याला, पाटलाला आणि कचेरीला ते सोयीचं होतं, म्हणून टिकलं.

फसली सनाची गोष्टही अशीच. 'फसल' म्हणजे पीक, हंगाम. अकबराच्या काळात तो उत्तरेत आला आणि शाहजहानच्या काळात, १६३० च्या दशकात, दख्खनेत लागू झाला. त्या वेळी हिजरी १०४६ होतं. तोच आकडा घेऊन फसली सूर्यामागे चालू लागला आणि हिजरी चंद्रामागे. दोघांची वाट तिथे फुटली. आबांच्या कागदावर १३४६ आहे, म्हणजे बरोबर ३०० वर्षांनंतरचा. त्या दिवशी हिजरी साल होतं १३५५. फसली ३०० पावलं चालला तेवढ्यात हिजरी ३०९ चालला.

हा आकडा वाचून काही वाचकांना सूरह कहफ आठवली असेल. गुहेतल्या झोपेचा काळ तिथे तीनशे आणि वर नऊ असा येतो. मुफस्सिरांपैकी अनेकांनी त्याचा अर्थ असाच लावला आहे : सूर्याने मोजली तर तीनशे, चंद्राने मोजली तर तीनशे नऊ. जुम्याला ही सूरह मी कितीतरी वर्षं वाचत आलो. तिचं गणित एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीच्या उताऱ्यात भेटेल असं वाटलं नव्हतं.

आता आपल्या रोजच्या तोंडचे दोन शब्द घ्या, खरीप आणि रब्बी. आकाशवाणीवर, पंचायतीत, पीकविम्याच्या फॉर्मवर, सगळीकडे हेच शब्द. 'खरीफ' म्हणजे अरबीत शरद, पानगळ. 'रबी' म्हणजे वसंत. जे पीक पानगळीत कापायचं ते खरीप, जे वसंतात कापायचं ते रब्बी. गंमत अशी की हाच 'रबी' आपल्या रबीउल अव्वलमध्येही आहे, पण तो महिना चंद्राबरोबर फिरत असल्याने २०२३ ला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आला होता. नाव वसंताचं आणि येणं पावसाच्या अखेरीला. शेतातला रब्बी मात्र जागचा हलला नाही.

हे शब्द मुलांना शिकवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. खरीप आणि रब्बी ही नावं कापणीवरून पडली आहेत. आपल्या शेतकऱ्याची नावं पेरणीची आणि पावसाची आहेत : मृगाची पेरणी, हस्ताचा पाऊस, स्वातीचा पाऊस. राज्य पीक मोजतं ते घरात यायच्या वेळी, कारण त्याला वाटा हवा असतो. शेतकरी मोजतो ते बी मातीत जाताना, कारण त्याच्या जिवाला घोर तिथे लागतो. एकाच वर्षाला दोन्ही टोकांकडून धरलेलं. मराठीने दोन्ही नावं ठेवून घेतली, कारण तिला दोन्हींची गरज होती.

डाळिंबवाल्यांची भाषा ऐका. ते 'मृग बहार' धरतात किंवा 'हस्त बहार' धरतात. 'बहार' हा फारसी शब्द, अर्थ वसंत, फुलोरा. मृग आणि हस्त ही आपली नक्षत्रं. झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची आणि मग खत-पाणी देऊन हव्या त्या हंगामात फुलोरा आणायचा, हे ते तंत्र. मृग बहाराची डाळिंबं आणि पेरू साधारण नोव्हेंबरपासून हाती येऊ लागतात. बागेची कलमं, बागायत, जिरायत, सगळं याच घराण्यातलं. आणि ज्या जागेबद्दल मी लिहितोय ती 'परसबाग'सुद्धा. परस आपला, घरामागचा, बाग फारशीतली. सांधा कुठे आहे तो आता बोटाला लागत नाही.

पण शब्दांची अशी यादी करून खूश होणं सोपं आहे. त्या दिवशी आबांसमोर माझी स्वतःची एक अडचण उघडी पडली, ती सांगायला हवी.

आमचे दादा बागवान. बाजारात फळं-भाजी विकायचे आणि मागे या परसात व गावाबाहेरच्या बटाईच्या तुकड्यावर पिकवायचे. चार इयत्ता शिकलेले, अक्षर सुंदर. त्यांची एक वही आमच्याकडे आहे. उर्दू लिपी, बोली दखनी. मी ती लहानपणापासून वाचतो. 'मिरग लगा, पानी नहीं.' 'आज अनार का पानी तोडे.' 'स्वाती. शेवंती को कली.' आणि जागोजागी एक ओळ : 'हाथी का पानी अच्छा गिरा.' कुठे 'हाथी खाली गया, मेथी देर से डालना.'

हा हाथी कोणता, ते मला कधी कळलं नाही. लहानपणी वाटायचं, दादांच्या काळात गावात हत्ती पाणी वाहून आणत असेल. मोठेपणी वाटलं, हत्तीएवढा मोठा पाऊस म्हणायचं असेल. अब्बांना विचारायचं राहून गेलं, आणि मग अब्बाच राहिले नाहीत.

आबांचा कागद वाचून झाल्यावर मी आत जाऊन ती वही आणली. म्हटलं, यांना दाखवावी, यांच्याच वेळची आहे. दोन-चार ओळी वाचल्या आणि हाथीची ओळ आली. आबा हसायला लागले. त्या दुपारी ते पहिल्यांदाच हसले.

"अवो सर, हत्ती म्हंजी हस्त! हस्ताचा पाऊस. आमच्यातबी हत्तीच म्हनत्यात. हादग्याला पोरी पाटावर काय काढत्यात? हत्तीच ना? हत्ती बरसला की जिमिनीत वल राहती, मग रब्बी साधती. त्यो कोरडा गेला की भाजीपाला उशिरा लावायचा, उनाचा चटका कमी झाल्यावर. बरोबर लिव्हलंय तुमच्या आजानं."

मी बी.एड. केलेला माणूस. हस्त नक्षत्र मला पुस्तकातून ठाऊक होतं, हादगा ठाऊक होता, दादांची लिपी तर घरचीच. तरी तीस-पस्तीस वर्षं त्या ओळीवरून नुसता पुढे गेलो. अक्षरं मला येत होती, अर्थ आबांना. आणि त्यांच्या आजोबांची विहीर त्यांच्याच पिशवीत इतकी वर्षं बंद होती, कारण अर्थ त्यांचा होता पण अक्षरं माझ्याकडे होती. एकमेकांच्या घरातल्या कागदाच्या किल्ल्या आम्ही दोघं आपापल्या खिशात घेऊन हिंडत होतो.

फसली सन सरकारी कामातून गेला. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आज महाराष्ट्राचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. कालगणना सोयीसाठी असते, सोय बदलली की ती बदलते. तसं नसतं तर फसली जन्मालाच आला नसता. निजामाच्या राज्याची मला हळहळही नाही. त्या राज्यात आबांच्या आजोबांनी काय सोसलं असेल ते उताऱ्यात येत नाही आणि माझ्या दादांनी १९४८ च्या सप्टेंबरात काय पाहिलं ते वहीत येत नाही. त्या महिन्याची पानं कोरी आहेत. नंतरची पहिली ओळ फक्त एवढीच : 'स्वाती. गुलाब छांटे.' इतक्या सगळ्यानंतर माणूस कात्री घेऊन गुलाबापाशी गेला, कारण छाटणीची वेळ टळून चालली होती. मी त्या एका ओळीपाशी फार वेळ बसलेला आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. तिला उर्दू जेमतेम, नक्षत्रं अजिबात नाहीत. आबांच्या नातवाला मोबाइलवर हवामान दिसतं, हत्ती दिसत नाही. आणखी एक पिढी गेली की विहिरीचा कागद आणि हाथीची ओळ, दोन्ही मुकी होतील. मग कुणी कुणाबद्दल काहीही सांगावं, घरातला कागद काढून 'असं नाही, हे बघा' म्हणणारं कुणी नसेल.

जाताना आबांनी नातवाला सांगितलं, की उताऱ्याचं वाचन मराठीत लिहून घे. त्याने ते वहीत उतरवलं : आजोबांचं नाव, विहीर एक, मोट, बागात, २५ आजूर १३४६. दाखल्याच्या कामाचं त्यात काही नव्हतं. तरी त्याने खाली स्वतःहून लिहिलं, 'ऑक्टोबर १९३६', आणि आबांनी सांगितलं म्हणून पुढे 'स्वाती नक्षत्र'. अम्मीने त्यांना चहा दिला आणि झेंडूच्या बियांची एक पुडी. आबा म्हणाले, "मिरगाला टाकतो."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि आमच्या उघडलेल्या शेवंतीची अर्धी फुलं काळी पडली. दादांच्या वहीत अशा पावसाला नाव सापडलं नाही. मागे काही पानं रिकामी होती. मी दादांच्याच लिपीत तारीख घातली आणि लिहिलं : 'अनुराधा. बे-वक्त पानी. शेवंती काली पडी.' मग मुलीला बोलावून तीच ओळ तिच्याकडून मराठीत खाली लिहून घेतली. तिने विचारलं, "अनुराधा कोण?"

मी तिला अंगणात घेऊन गेलो.